होयबा आणि पहाट

आमच्या आईला मुक्या म्हातारीची भूमिका मिळाली तेव्हाच मी म्हटलं होतं, हे नाटक काही सुखासुखी पार पडायचं नाही. जी बाई झोपेतसुद्धा शेजारणीशी भांडते, तिला अख्खं नाटक तोंड मिटून खिडकीशी बसायला सांगायचं म्हणजे काय? दिग्दर्शक तिला म्हणाला, "काकू, तुमच्या चेहऱ्यावर सगळं आहे, शब्दांची गरजच नाही." त्यावर आई घरी येऊन जेवणं होईपर्यंत बोलत होती.

थिएटर लहानसंच. टायरच्या दुकानामागच्या गल्लीत, बाहेरून गोदाम वाटावं असं. खुर्च्यांच्या स्प्रिंगा कुरकुरतात आणि पडदा ओढताना मध्येच अडतो. प्रेक्षकांच्या मागे, उभी शिडी चढून गेलं की दिव्यांची केबिन लागते. दोन माणसं बसली की तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा एवढी. ती केबिन म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं राज्य. तिथल्या डिमरचे, म्हणजे दिवे मंद-प्रखर करायचे, खटके ती डोळे मिटून सरकवते. कुठला किती कडक आहे आणि कुठला मध्येच घसरतो, ते तिच्या बोटांना ठाऊक आहे.

धाकटीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात तिला कुणी काही आधी विचारतच नाही. फ्रीज कुठला घ्यायचा? ताईला विचार. दाढ दुखतेय, कुठल्या डॉक्टरकडे जाऊ? ताईला विचार. ताई म्हणजे मी. मला फ्रीजमधलं आणि दाढेतलं शून्य कळतं, पण मी थोरली आणि वर कॉम्प्युटरवाली, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. आणि आता तर धाकटीलाच त्याची इतकी सवय झालीय, की तिला भूक लागली तरी आधी माझ्याकडे बघते.

तर एका संध्याकाळी थिएटरच्या मालकीणबाई आमच्याकडे आल्या. चांगल्या बाई आहेत, पण बोलणं काटकसरीचं.

"पुढच्या हंगामापासून दिवे बाहेरच्या कंपनीला द्यावेत म्हणते," त्या मला म्हणाल्या. "त्यांचे दिवे, त्यांची माणसं. नाहीतर मग तुम्ही बघाल का? तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं."

धाकटी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. माझं डोकंच फिरलं.

"अहो, दिवे हिला कळतात," मी म्हटलं. "मला घरातला बल्ब बदलायचा तर हीच स्टुलावर चढते. मी खाली उभी राहून सूचना देते."

बाई हसल्या नाहीत. "बघू," म्हणाल्या. "या नाटकाचा पहिला प्रयोग होऊ दे. पहाट कशी होते ते बघते, मग ठरवते."

पहाट म्हणजे नाटकाचा शेवट. मुकी म्हातारी रात्रभर खिडकीशी बसते, रंगमंचावर पूर्ण अंधार होतो आणि त्या अंधारातून उजाडायला लागतं. बस्स, संपलं नाटक. थिएटरचे जुने दिवे पांढरे. त्यांनी उजाडत नाही, नुसतं दिसायला लागतं. धाकटीने म्हणून एका बंद पडलेल्या सभागृहातून रंग बदलणारे दिवे शोधून आणले, घासूनपुसून टांगले, आणि मग तोंड एवढंसं करून माझ्याकडे आली.

"ताई, हे दिवे आपल्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमचं ऐकतच नाहीत गं."

आता इथे थोडं माझ्या धंद्याचं सांगते. जांभई देऊ नका, पटकन उरकते. दिव्यांचा प्रोग्रॅम शहाणा असतो. त्याला रंग कळतो, वेळ कळते, पण निरोप दिव्यापर्यंत नेऊन पोचवणं हे काम तो स्वतः करत नाही. त्यासाठी त्याने एक खुर्ची ठेवलेली असते. त्या खुर्चीवर जो निरोप्या बसेल, त्याच्या हातात तो निरोप देतो, की तिसऱ्या दिव्याला सांग, गुलाबी हो. मग तो निरोप्या कुठल्या तारेने जातो आणि दिव्याशी कुठल्या भाषेत बोलतो, याच्याशी प्रोग्रॅमला काही देणंघेणं नाही. या निरोप्याला आम्ही प्रोव्हायडर म्हणतो. जुना उठवा, नवा बसवा, प्रोग्रॅमची एक ओळ बदलावी लागत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते. घरात अशी सोय असती तर मी दोनतीन नातेवाईक केव्हाच बदलून टाकले असते.

फक्त एक नियम आहे. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर ज्या क्षणी कुणीतरी पहिल्यांदा विचारतं, "काय हो, निरोप्या कोण?", त्या क्षणी जो हजर असेल तो खुर्चीवर बसतो. आणि एकदा बसला की प्रोग्रॅम बंद होईपर्यंत उठत नाही. मागून कितीही लायक माणूस आला तरी त्याने उभंच राहायचं.

तर त्या हट्टी दिव्यांसाठी मी एक निरोप्या लिहायला घेतला. पण दिवे थिएटरात आणि मी घरी. प्रोग्रॅम तपासू कशावर? म्हणून आधी एक खोटा निरोप्या बनवला. त्याला काहीही द्या, तो निरोप खिडकीबाहेर भिरकावतो आणि ताबडतोब म्हणतो, "पोचलं!" त्याचं नाव मी ठेवलं होयबा. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, माझ्या ऑफिसात तर बढती घेऊन बसली आहेत. खुर्ची रिकामी राहून प्रोग्रॅम कोसळू नये म्हणून मी अशी तजवीज केली, की दुसरं कुणीच हजर नसेल तर होयबाने बसून घ्यावं.

मग खरा निरोप्या तयार झाला. त्याने माझा जीव खाल्ला. ते दिवे म्हणजे एकापेक्षा एक नग. सांगितलेलं ऐकायचे, पण मनात आलं की. तिसरा दिवा तर आमच्या मामांसारखा, हाक मारली की आधी घसा खाकरणार, मग ओ देणार. पण रंगीत तालमीच्या दिवशी धाकटीने बटण दाबलं आणि अंधारातून राखाडी उजेड आला, त्यात हळूच जांभळा मिसळला, कडेने गुलाबी सरकत आला आणि शेवटी आईच्या एका गालावर पिवळं ऊन पडलं. खरं सांगते, मला खिडकी उघडावीशी वाटली.

"आता हात लावायचा नाही," धाकटी मला म्हणाली. "चालतंय ना? मग लांब राहा."

शहाणी पोरगी. पण मी ऐकेन तर ना! प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी केबिनमध्ये एकटी बसले होते. खुर्चीवर खरा निरोप्याच बसतोय ना, याची एकदा खात्री करून घेऊ या, असं मनात आलं. म्हणून प्रोग्रॅममध्ये फक्त एक ओळ वाढवली, निरोप्या कोण आहे त्याचं नाव लॅपटॉपच्या पडद्यावर दाखव, एवढीच. पटकन नजरेस पडावी म्हणून ती अगदी सुरुवातीला टाकली. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मीही तेच म्हटलं.

तेवढ्यात लोक यायला लागले. खाली फ्यूज उडाला, धाकटीने मला टॉर्च धरायला नेलं, परत येऊन घाईघाईने प्रोग्रॅम सुरू केला. ते नाव पडद्यावर उमटलं असणार, पण बघायला मी होतेच कुठे! मी शिडीवरून घसरलेली चप्पल शोधत होते.

प्रयोग रंगला. जुने दिवे धाकटी हाताने चालवत होती आणि तिची बोटं अशी फिरत होती की बघत राहावं. आई तर काय सांगू, खरोखर गप्प बसली. मावशी खास तेवढं बघायला तिकीट काढून आली होती. मालकीणबाई शेवटच्या रांगेत, आमच्या केबिनच्या अगदी खाली बसल्या होत्या. त्यांची हाताची घडी मला वरून दिसत होती.

मग शेवटचा अंधार झाला. धाकटीने श्वास रोखला आणि पहाटेचं बटण दाबलं.

लॅपटॉपवर भराभरा उमटलं, पोचलं, पोचलं, पोचलं, पोचलं. रंगमंचावर मात्र काळाकुट्ट अंधार.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा पोचलं, पोचलं, पोचलं.

"ताई," ती कुजबुजली, "काही होत नाहीये गं."

"तार सुटली असेल," मी म्हणाले आणि टेबलाखाली वाकून तार चाचपली. तार जागेवर होती.

हेडफोनमधून विंगेतला दिग्दर्शक फुत्कारत होता, "पहाट कुठाय? पहाट करा ना! जुने दिवे लावा, पांढरे लावा, काहीही लावा!"

धाकटीचा हात डिमरवर गेला. पांढरे दिवे लावले की नाटक कसंबसं संपणार, टाळ्याही पडणार. पण पहाट जाणार, आणि पहाटेबरोबर ही केबिनही. हे तिलाही ठाऊक होतं, मलाही. आणि तिने सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, लावू का?"

माझ्या तोंडावर आलं होतं, लाव बाई, लाव. पण नजर पडद्यावर होती आणि तिथे काहीतरी खटकत होतं. पोचलं, पोचलं, पोचलं. इतक्या तत्परतेने? आमचा तिसरा दिवा घसासुद्धा न खाकरता ओ देतोय? छे! हे आमचे दिवे नव्हेतच.

होयबा! खुर्चीवर होयबा बसला होता!

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, रंगमंचावर नसला तरी. मी दुपारी टाकलेली ती ओळ. खऱ्या निरोप्याला आत बोलावण्याची ओळ नंतर होती आणि माझी चौकशी तिच्याही आधी. मी विचारलं, निरोप्या कोण? आणि त्या क्षणी दुसरं कुणी हजरच नव्हतं, म्हणून होयबा म्हणाला, मी! आणि बसला. मी विचारलंच नसतं तर खरा येऊन बसला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते याला.

"मला नको विचारू," मी धाकटीला म्हटलं. "प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल, त्याला वेळ लागेल. चूक माझी आहे. पण दिवे तुझे आहेत. तू ठरव."

तिने अंधाऱ्या रंगमंचाकडे पाहिलं. हेडफोनमध्ये दिग्दर्शक आता देवाचं नाव घेत होता. तिने हेडफोन काढून टेबलावर पालथा ठेवला आणि डिमरवरचा हात उचलला.

"थांबू," ती म्हणाली. "कर तू."

मी ती करंटी ओळ खोडली, प्रोग्रॅम बंद केला आणि पुन्हा सुरू केला. आता तो उठणार, डोळे चोळणार, खऱ्या निरोप्याला बसवणार, मग निरोप्या एकेका दिव्याला हाक मारत सुटणार. खाली प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खोकलं. एक खुर्ची कुरकुरली. कुणीतरी मोबाइल काढला आणि त्याच्या उजेडात चार तोंडं दिसली. पहिला दिवा हजर, दुसरा हजर. तिसरा आपला घसा खाकरतोय. त्या दिव्याच्या सात पिढ्यांचा मी त्या दोन क्षणांत उद्धार केला.

आणि तेवढ्यात अंधारातून आवाज आला.

"उजाडेल."

माझं काळीजच थांबलं. तो आवाज आईचा होता. मुक्या म्हातारीचा!

मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात टाकला.

"उजाडेल हो," आई म्हणाली, सावकाश, जणू स्वतःशीच. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? पोरगी आहे तिकडे. तिला जरा वेळ द्या."

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. मग सगळं थिएटर हसलं, पण ते वाईट हसणं नव्हतं, घरात माणसं हसतात तसं होतं.

"हसा, हसा," आई म्हणाली. तिला आता चेव चढला होता. "मी एवढी वर्षं तोंड मिटून बसले, मला विचारा अंधार काय असतो ते. वाट बघायची असली की अंधारातसुद्धा बरं वाटतं बघा. घाईने दिवा लावला की संपलं."

माझ्या शेजारी धाकटी रडत होती आणि हसत होती. तिसऱ्या दिव्याने ओ दिली. चौथ्याने दिली. सगळ्यांनी दिली.

"आले गं," मी म्हटलं. "दाब!"

तिने दाबलं. या वेळी पडद्यावर पोचलं असं यायला वेळ लागला, आणि त्या उशिरासारखं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. आधी राखाडी. आईची नुसती आकृती दिसली, खिडकीशी वाकलेली. मग जांभळा. मग गुलाबी कडेकडेने. लोक हसायचे थांबले. पिवळं ऊन आईच्या गालावर पडलं आणि आई, आमची आई, जिला गप्प बसवायला आजवर कुणाला जमलं नाही, ती त्या उजेडाकडे बघत गप्प बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते नाटकात नव्हतं.

पडदा नेहमीसारखा मध्येच अडला तरी टाळ्या थांबेनात. मी धाकटीला मिठी मारली तर केबिनमध्ये जागा नसल्याने माझं कोपर कशावर तरी आपटलं आणि प्रेक्षकांवरचे सगळे दिवे एकदम लागले. लोकांना वाटलं, तेही ठरवलेलंच आहे. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

दिग्दर्शक शिडीवरून धापा टाकत वर आला. आधी म्हणाला, "तुम्हा तिघींना मी कोर्टात खेचतो," आणि मग म्हणाला, "काकूंचं ते बोलणं उद्यापासून रोज हवं. शब्द न शब्द." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते लिहून घ्यायला खाली पळालासुद्धा.

त्याच्या पाठोपाठ मालकीणबाई वर आल्या. त्यांना शिडीवर मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या दारातच थांबल्या, कारण आत यायला जागा नव्हती.

"पहाट उशिरा झाली," त्या म्हणाल्या. "तालमीत काकू बोलल्या नव्हत्या."

"चूक माझी," मी पुढे सरसावले. "मी दुपारी एक ओळ—"

"चूक कुणाची ते मी विचारलेलं नाही." त्या धाकटीकडे वळल्या. "एवढा वेळ अंधार होता. तुझ्या हाताशी पांढरे दिवे होते. का नाही लावलेस?"

धाकटीने ओढणीने नाक पुसलं. "पांढरे लावले असते तर रात्र संपली असती," ती म्हणाली. "मग पहाट येऊनही कुणाला दिसली नसती."

बाईंनी केबिनभर नजर फिरवली. घसरणारा खटका पाहिला, पालथा हेडफोन पाहिला.

"बाहेरच्या कंपनीला मी अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आधी तुला विचारते. पुढचा हंगाम घेशील?"

धाकटी आपसूक माझ्याकडे वळली. मला तो नियम आठवला आणि हसू दाबता दाबेना. पहिल्यांदा विचारलं तेव्हा जो हजर तो बसला, मग त्याला कुणी उठवत नाही. मी झटकन टेबलाखाली वाकले आणि मघाशीच तपासलेली तार पुन्हा तपासायला लागले. चांगली घट्ट होती, तरी दाबून पाहिली.



"हो," धाकटीचा आवाज आला. "घेईन."

बाई उतरल्या आणि शिडीवर त्यांना आडवी आली ती आई, म्हातारीच्या वेषातच, एका गालावरचा रंग वाहून गेलेला. दोघींनी एकमेकींना कशी वाट दिली कोण जाणे, खालून बराच वेळ "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही" चाललं होतं. मग आई केबिनमध्ये घुसली आणि आम्ही तिघी दाटीवाटीने उभ्या राहिलो.

"त्या म्हणतायत दिवे तुला दिले!" आई ओरडली. "खरं का गं? तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

"अगं, पण ताईला विचारलंस का?"

धाकटीने मान हलवली. "नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि म्हातारीचे सुरकुतलेले हात पुढे करून तिने धाकटीचा चेहरा ओंजळीत धरला.

"बरं केलंस," आई म्हणाली.